राजीनामा, नोटीस आणि बडतर्फी : कुंभकोणमच्या दोन खटल्यांच्या निमित्ताने

तामिळनाडूतील कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील मंदिरांचे नगर आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दुआबात वसलेल्या या शहरात दर बारा वर्षांनी महामहम पर्वणी भरते. गेली पर्वणी 2016 मध्ये झाली. मराठी वाचकाला हा प्रदेश तंजावरच्या मराठी राज्यामुळे परिचित आहे. कामगार कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या वकिलांना मात्र कुंभकोणमचे नाव वेगळ्याच कारणाने पाठ असते. येथे तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम कंपनीचे मुख्यालय आहे आणि या बससेवेतील बडतर्फीचे दोन वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2001 च्या निर्णयात कर्मचारी जिंकला, 2004 च्या निर्णयात व्यवस्थापन जिंकले. दोन्ही निर्णय एकाच कलमावर आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधातही नाहीत. नोकरी सोडणे किंवा नोकरीवरून काढणे यांविषयीच्या वादात कोणाची बाजू खरी, याइतकेच कोणता कागद केव्हा निघाला यालाही महत्त्व असते, हे या दोन खटल्यांवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

दिवाणाची नोकरी

कायद्याकडे वळण्यापूर्वी याच शहरातील एका मराठी माणसाचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरू नये. सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी भाषक घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. महाराजांशी मतभेद झाल्यामुळे 1872 मध्ये त्यांना त्रावणकोर सोडावे लागले आणि सयाजीराव गायकवाड यांच्या हाती कारभार आल्यानंतर 1882 मध्ये ते बडोद्यातूनही बाहेर पडले. कर्तबगारी वादातीत असली तरी दिवाणाचे पद राजाची मर्जी असेपर्यंतच टिकत असे. नोटीस, आरोपपत्र, चौकशी यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मर्जीचे हे तत्त्व आजही पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 310 नुसार शासकीय कर्मचारी राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. मात्र लगेच पुढच्या अनुच्छेद 311 ने त्या मर्जीला मर्यादा घातली आहे. आरोपांची माहिती देऊन चौकशी केल्याशिवाय आणि बचावाची वाजवी संधी दिल्याशिवाय, काही अपवाद सोडल्यास, शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. महामंडळाचा बसचालक किंवा वाहक हा या अर्थाने शासकीय कर्मचारी नव्हे. त्याला संरक्षण मिळाले ते औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधून आणि विशेषतः त्याच्या कलम 33 मधून.

कलम 33 चा दरवाजा

या कलमाची कल्पना साधी आहे. संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात वेतनावरून वा सेवाशर्तींवरून वाद चालू असताना व्यवस्थापनाने कामगारांवर सूड उगवू नये, यासाठी कायद्याने मध्ये एक दरवाजा उभा केला आहे. गैरवर्तन त्या चालू वादाशी संबंधित असेल तर बडतर्फीपूर्वी संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. गैरवर्तनाचा वादाशी संबंध नसेल, उदाहरणार्थ अपघात किंवा तिकिटाच्या पैशांचा अपहार, तर व्यवस्थापन बडतर्फीचा आदेश काढू शकते. मात्र आदेशाबरोबरच कामगाराला एका महिन्याचे वेतन द्यावे लागते आणि त्याच वेळी आदेशाला मान्यता मिळावी म्हणून अर्जही करावा लागतो. आदेश, वेतन आणि अर्ज ही तिन्ही पावले एकाच व्यवहाराचे भाग असली पाहिजेत, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

ही तरतूद एखाद्या लहान कारखान्यात वर्षानुवर्षे लागू होणार नाही. परंतु हजारो कर्मचारी असलेल्या परिवहन महामंडळात वेतनकरार, बोनस, कामाचे तास यांविषयीचा कोणता ना कोणता वाद समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे बहुधा प्रलंबित असतोच. त्यामुळे तेथे चालक-वाहकाच्या जवळजवळ प्रत्येक बडतर्फीला या दरवाजातून जावे लागते. परिवहन सेवांचे इतके खटले या एका कलमावर का झाले, याचे उत्तर येथे आहे.

2001 चा निर्णय

पहिला खटला तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळाचा. त्याच्या शीर्षकातच कुंभकोणमचे नाव आहे. महामंडळाने एका कर्मचाऱ्याला बडतर्फ केले होते आणि मान्यतेसाठी केलेला अर्ज फेटाळला गेला होता. तरीही त्या कर्मचाऱ्याला कामावर घेण्यात आले नाही. महामंडळाच्या दृष्टीने तो बडतर्फ होता, कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान काय, हा प्रश्न होता. त्याने मद्रास उच्च न्यायालयात रिट याचिका केली, निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाचे म्हणणे मान्य केले नाही. मान्यता नाकारली गेली की बडतर्फीचा आदेश अमलातच येत नाही, कर्मचारी सेवेत होता आणि आहे असेच मानले पाहिजे, त्याला कामावर घ्यावयाचे की नाही हा पर्याय मालकाकडे उरत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. पुनर्नियुक्ती हा शब्दही येथे तसा चुकीचाच म्हणावा लागेल, कारण जी नोकरी कधी संपलीच नाही ती परत देण्याचा प्रश्न येत नाही.

या मुद्द्यावर तोवर एकवाक्यता नव्हती. 1978 मध्ये पंजाब बेव्हरेजेस खटल्यात न्यायालयाने अशी भूमिका घेतली होती की कलमाचा भंग झाला म्हणून बडतर्फी आपोआप रद्दबातल होत नाही, कामगाराने स्वतंत्र दाद मागितली पाहिजे. अखेर 17 जानेवारी 2002 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँकेच्या खटल्यात हा वाद मिटविला. महिन्याचे वेतन न देणे, मान्यतेचा अर्ज न करणे किंवा मान्यता नाकारली जाणे, यांपैकी काहीही घडले तरी बडतर्फी निष्प्रभ ठरते आणि त्यासाठी कामगाराला वेगळी तक्रार करत बसण्याची गरज नाही, असे घटनापीठाने ठरविले. म्हणजेच कुंभकोणमच्या खटल्यातील दृष्टिकोन काही महिन्यांतच घटनापीठाच्या अधिकाराने दृढ झाला.

2004 चा निर्णय

दुसरा खटला चोलन रोडवेजचा. तामिळनाडू सरकारने खासगी बससेवा ताब्यात घेऊन 1970 च्या दशकाच्या आरंभी ज्या परिवहन कंपन्या स्थापन केल्या, त्यांतील कुंभकोणमच्या कंपनीला चोल राजवंशाचे नाव दिले होते. 1997 मध्ये राज्यातील सर्वच परिवहन कंपन्यांची अशी नावे काढून टाकण्यात आली. तथापि कायद्याच्या ग्रंथांत जुने नाव टिकून आहे.

या कंपनीच्या एका बसला भीषण अपघात होऊन प्रवासी मृत्युमुखी पडले. विभागीय चौकशीत चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला असे मानून त्याला बडतर्फ करण्यात आले. मान्यतेचा अर्ज कामगार सहआयुक्तांकडे गेला व त्यांनी तो फेटाळला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी आणि नंतर खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. कंपनी तीन ठिकाणी हरली होती.

डिसेंबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील मान्य केले. सहआयुक्तांनी लावलेली कसोटीच चुकीची होती, असे न्यायालयाचे मत पडले. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत मात्र संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहावयाचे असते आणि तेथे पुरावा अधिनियमाचे तांत्रिक नियम लागू होत नाहीत. अपघाताचे स्वरूप आणि वाहनाची अवस्था स्वतःच बोलकी असेल, तर निष्काळजीपणा नव्हता हे दाखविण्याची जबाबदारी चालकावर येते. मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याने चौकशी नियमानुसार झाली का, प्रथमदर्शनी पुरावा आहे का आणि व्यवस्थापनाचा हेतू शुद्ध आहे का, इतके पाहावे. अपिलाप्रमाणे संपूर्ण पुराव्याची फेरतपासणी करणे हे त्याचे काम नव्हे.

या विचाराला जुना आधार होता. 1977 मध्ये हरियाणा राज्याच्या एका बसवाहकाच्या खटल्यात, विनातिकीट प्रवाशांचे जबाब घेतले नाहीत एवढ्या कारणाने विभागीय चौकशी रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. एस. टी. ने प्रवास करणाऱ्या कोणालाही यातील व्यवहार समजेल. तपासणी पथकाने रस्त्यात गाडी थांबविल्यावर उतरून गेलेला प्रवासी पुढे साक्षीला शोधून आणणे किती कठीण असते, हे सांगावयास नको.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. दरवाजा ओलांडण्यासाठी लागणारा पुरावा फार कडक नाही, परंतु दरवाजा चुकविता येत नाही. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या ऑक्टोबर 2019 च्या खटल्यात न्यायालयाने यात आणखी एक खुलासा केला. चौकशी सदोष आढळली तर मान्यता देणारा अधिकारी दोन्ही बाजूंना त्याच्यासमोर पुरावा देण्याची संधी देऊ शकतो. चौकशी निर्दोष असेल तर मात्र त्याने नव्याने पुरावा घेऊ नये. मान्यता मिळाली म्हणून कामगाराचे मार्ग बंद होत नाहीत. बडतर्फी न्याय्य होती की नाही याविषयी तो स्वतंत्र औद्योगिक विवाद उपस्थित करू शकतो आणि तेथे न्यायाधिकरणाला शिक्षा कमी करण्याचाही अधिकार असतो.

राजीनामा केव्हा पूर्ण होतो

बडतर्फीत मालकाचा कागद तपासला जातो, राजीनाम्यात कर्मचाऱ्याचा. रागाच्या भरात राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला, असे प्रसंग प्रत्येक कार्यालयात घडतात. राजीनामा मागे घेता येतो का, या प्रश्नावरील मुख्य निर्णय एका न्यायमूर्तींच्या राजीनाम्यावरूनच झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मे 1977 मध्ये राष्ट्रपतींना पत्र पाठवून 1 ऑगस्टपासून राजीनामा देत असल्याचे कळविले आणि जुलैमध्ये ते पत्र मागे घेतले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते मागे घेणे वैध ठरविले. भावी तारखेपासून दिलेला राजीनामा त्या तारखेपर्यंत केवळ इच्छेचे निवेदन असतो, तोवर तो परत घेता येतो, हे तत्त्व तेथे स्थिर झाले.

1989 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या बाबतीत बँकेने वेगळीच युक्ती केली. अधिकाऱ्याने काही महिन्यांनंतरची तारीख घातली होती, बँकेने राजीनामा तत्काळ स्वीकारून त्याला मोकळे केले. कर्मचाऱ्याने दिलेली तारीख मालक आपल्या सोयीने अलीकडे आणू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

या विषयावरील अलीकडचा निर्णय मराठी मुलखाला जवळचा आहे. कोकण रेल्वे महामंडळात 1990 पासून नोकरीत असलेल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा दिला आणि एका महिन्यानंतर तो लागू समजावा असे लिहिले. महिना उलटून गेला तरी त्याला कामावरून मुक्त करण्यात आले नाही, उलट गैरहजेरीबद्दल कामावर हजर होण्यास सांगण्यात आले आणि तो हजर झालाही. मे 2014 मध्ये त्याने राजीनामा मागे घेतला. महामंडळाचे म्हणणे होते की राजीनामा एप्रिलमध्येच स्वीकारला होता. परंतु ते स्वीकृतीचे पत्र कर्मचाऱ्याला मिळाल्याचे दाखविता आले नाही, तो अंतर्गत पत्रव्यवहार ठरला. 13 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर घेण्याचा आणि मधल्या काळाचे निम्मे वेतन देण्याचा आदेश दिला. फाईलवर झालेली टिप्पणी म्हणजे स्वीकृती नव्हे, ती संबंधिताला कळली पाहिजे. आपल्याकडील आस्थापना विभागांनी हा निर्णय टाचून ठेवण्यासारखा आहे.

सशर्त किंवा उद्वेगाने लिहिलेल्या वाक्यांचाही प्रश्न येतो. अलाहाबादच्या एका रुग्णालयातील निलंबित डॉक्टरांनी, आपले म्हणणे मान्य नसेल तर राजीनाम्यावाचून गत्यंतर नाही, अशा अर्थाचे पत्र लिहिले होते. रुग्णालयाने तोच राजीनामा समजून स्वीकारला. हा राजीनामा नव्हेच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. सोडून जाण्याचा निःसंदिग्ध हेतू शब्दांतून दिसला पाहिजे.

बळजबरीने घेतलेला राजीनामा ही याहून अवघड गोष्ट. खोलीत बोलावून, सही करा अन्यथा बडतर्फ करू, असे सांगितले गेल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. कायद्यात अशी सही बंधनकारक नाही, परंतु दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच पडतो. न्यायालये येथे प्रामुख्याने वेळ पाहतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी निषेध नोंदविला असेल तर त्याला वजन येते. हिशेबाची रक्कम निमूटपणे घेऊन वर्षभराने केलेल्या तक्रारीला ते राहत नाही.

गैरहजेरी म्हणजे राजीनामा, असाही एक मार्ग अनेक आस्थापनांच्या नियमांत असतो. आठ किंवा दहा दिवस न सांगता गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असे समजले जाईल, असे त्यात म्हटलेले असते. 1993 मध्ये जे. एम. ए. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, असा नियम असला तरी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याविना त्याचे नाव पटावरून काढता येणार नाही, असे ठरविले. उपजीविकेचे साधन हिरावून घेताना नैसर्गिक न्याय पाळलाच पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

नोटिशीची मुदत

नोटिशीच्या मुदतीबद्दल सर्वसाधारण समजुती बहुधा चुकीच्या असतात. सर्व नोकऱ्यांना लागू होणारी एकच मुदत कायद्यात नाही. ती नियुक्तिपत्र, स्थायी आदेश किंवा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा यांवर अवलंबून असते. तामिळनाडूच्या 1947 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचे कलम 41 याबाबत उल्लेखनीय आहे. सलग सहा महिने नोकरी झालेल्या व्यक्तीला वाजवी कारणाशिवाय आणि एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन दिल्याशिवाय काढता येत नाही, गैरवर्तन चौकशीत सिद्ध झाले असेल तर नोटिशीची गरज नसते आणि काढलेल्या व्यक्तीला अपील करता येते. कुंभकोणमच्या बाजारपेठेतील कापडाच्या वा पितळी भांड्यांच्या दुकानातील नोकराला आधार आहे तो या कलमाचा.

नोटीस दिली म्हणजे कोणालाही काढता येते, ही दुसरी चुकीची समजूत. 1986 मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. पुढे 1990 मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाच्या अशाच नियमाचीही तीच गत झाली. हे दोन्ही उपक्रम सरकारी होते. निव्वळ खासगी कंपनीला संविधानाची ही कसोटी थेट लागत नाही आणि तेथे मोठ्या पगारावरील व्यवस्थापकाला बहुतेक वेळा करारापलीकडे फारसा आधार नसतो. विनाकारण काढल्याचे सिद्ध झाले तरी त्याच्या पदरात सामान्यतः नोटिशीच्या काळाच्या वेतनाइतकी भरपाई पडते, नोकरी परत मिळत नाही. कामगार न्यायालयाचा रस्ता फक्त कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारालाच खुला असतो. ‘मी कामगार आहे’ असे सांगण्यासाठी सुशिक्षित अधिकारी न्यायालयात धडपडताना दिसतात, ते याच कारणाने.

उलट बाजूने, नोटीस पुरी न करता निघून जाणाऱ्याला मालक कामावर डांबून ठेवू शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पुरा करून घेत नाही, मागता येते ती भरपाई. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सेवाशर्तींत तशी अट नसेल किंवा शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसेल तर नोकरी सोडणे हा कर्मचाऱ्याचा अधिकार असल्याचे म्हटले. नोटिशीऐवजी वसूल केलेल्या रकमेवर कर लावण्याचाही प्रयत्न झाला होता. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सेवाकराची अशी आकारणी अमान्य केली आणि ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने वस्तू व सेवा कराबाबतही हाच खुलासा झाला.

ठरावीक वर्षे नोकरी करण्याच्या हमीपत्राचा विषय मात्र मालकांच्या बाजूने गेला आहे. विजया बँकेने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट भरतीच्या वेळीच घातली होती. एका अधिकाऱ्याने मुदतीपूर्वी नोकरी सोडून दुसऱ्या बँकेत प्रवेश केला, निषेध नोंदवून रक्कम भरली आणि अटीला आव्हान दिले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरविली. भरतीचा खर्च आणि कर्मचारी टिकवून ठेवण्याची गरज लक्षात घेता रक्कम अवाजवी नाही, असे त्यात म्हटले आहे. या वादाची मुळे कल्याणमध्येही सापडतात. तेथील सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर परदेशी तंत्राचे प्रशिक्षण घेतलेला एक कर्मचारी 1964 मध्ये मुदतीच्या आत राजस्थानातील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता. कराराच्या काळापुरती प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्याची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये कायम केली. करार संपल्यानंतरची बंदी मात्र भारतीय करार अधिनियमाच्या कलम 27 मुळे टिकत नाही.

संपानंतरची सामूहिक बडतर्फी

तामिळनाडूचा विषय निघाला असता जुलै 2003 विसरता येणार नाही. शासकीय कर्मचारी व शिक्षकांनी संप पुकारताच राज्य सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा आणि त्याला जोडलेल्या अध्यादेशाचा आधार घेऊन सुमारे 1 लाख 70 हजार कर्मचाऱ्यांना बडतर्फ केले. 6 ऑगस्ट 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक अधिकार नाही, असे मत व्यक्त केले. यावर कामगार चळवळीत आजही तीव्र मतभेद आहेत. त्याच वेळी, हमी लिहून देणाऱ्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना परत घेण्याची तयारी सरकारने न्यायालयात दाखविली. महाराष्ट्रात 2021-22 च्या प्रदीर्घ एस. टी. संपातही हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबन आणि बडतर्फीची कारवाई झाली आणि एप्रिल 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. एकेकट्या कर्मचाऱ्याला वीस वर्षे झुंजून जे मिळते ते समुदायाला काही आठवड्यांत मिळू शकते, एवढा फरक या दोन प्रकारांत आहे.

मागील वेतन आणि नवा कायदा

अन्यायाने काढले हे सिद्ध झाल्यावर मधल्या काळाच्या वेतनाचा प्रश्न येतो. क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या 2013 च्या खटल्यात, महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या बाजूने निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील सातत्य आणि मागील वेतनासह कामावर परत घेणे हा सामान्य नियम असल्याचे सांगितले. आपण त्या काळात अन्यत्र कमावत नव्हतो, एवढे विधान कर्मचाऱ्याने करावयाचे, तो कमावत होता हे दाखविणे मालकाचे काम. व्यवहारात मात्र कोकण रेल्वेच्या प्रकरणाप्रमाणे निम्मे वेतन किंवा एकरकमी भरपाई यांवर पुष्कळ वाद संपतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 अमलात आली आणि 1947 चा कायदा इतिहासजमा झाला. वर वर्णन केलेला कलम 33 चा दरवाजा नव्या संहितेच्या कलम 90 मध्ये जवळपास तसाच ठेवला आहे, त्यामुळे कुंभकोणमचे दोन्ही निर्णय निरुपयोगी झालेले नाहीत. बदल आहेत ते अन्यत्र. स्थायी आदेश पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेला लागू होत, महाराष्ट्रात पन्नासच्या, आता ती मर्यादा तीनशे आहे. लहान आस्थापनांतील कामगारांच्या दृष्टीने ही घट नगण्य म्हणता येणार नाही. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी कार्यवाही हाती घेऊ शकत नाही, ही मुदत तर प्रत्येक काढलेल्या कामगाराने लक्षात ठेवावी अशी आहे. दुसरीकडे, वेतन संहितेने नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याचे बंधन राजीनामा देणाऱ्याच्या बाबतीतही घातले. जुन्या वेतन प्रदान कायद्यात हा लाभ मालकाने काढलेल्यापुरताच होता.

उपदानाचा हिशेब वेगळा असतो. राजीनामा दिला म्हणून ते बुडत नाही. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्याचे उपदान मात्र नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी जप्त होऊ शकते आणि त्यासाठी फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध होण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये ठरविले. त्या निकालात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या वाहकांची प्रकरणेही होती. तिकिटाच्या पैशांच्या अपहाराबद्दल त्यांचे संपूर्ण उपदान रोखण्यात आले होते. न्यायालयाने त्यांच्या बाबतीत जप्ती 25 टक्क्यांपुरती मर्यादित केली आणि उरलेली रक्कम त्यांना देण्यास सांगितले.